रूपाचे गुडघे

साखरखेर्ड्याचे हिंमतराव आपल्या रूपा बकरीच्या दुधाशिवाय चहा घेत नसत. यंदा ती गाभण असताना तिचे पुढचे गुडघे सुजले, आणि नेमके त्याच सुमारास हिंमतरावांचेही दुखायला लागले. मग रोज सकाळी ओट्यावर बसून ते एकाच बाटलीतलं तेल आधी बकरीला चोळत, मग स्वतःला.

पशुवैद्यकीय कॉलेजात संशोधन करणारी रेवती गावातल्या बकऱ्यांचं रक्त तपासायला घेऊन गेली होती. ती परत आली ती थेट हिंमतरावांच्या घरी.

"काका, रूपाच्या अंगात फार संथ चालीचा विषाणू आहे, त्यानेच तिचे गुडघे सुजलेत. त्याच्याजवळ एक एन्झाइम असतं. पेशी नेहमी मूळ मजकुरावरून नक्कल काढते; हे एन्झाइम उलटं, नकलेवरून मूळ मजकूर बनवतं आणि तो पेशीच्या मजकुरात घुसून बसतो. मग वर्षानुवर्षं काही कळत नाही. रूपाच्या पेशींत ते एन्झाइम जोरात काम करताना दिसलं."

मजकुराचं हिंमतरावांना काही उमगलं नाही, पण 'वर्षानुवर्षं कळत नाही' हे काळजात बसलं. त्यांनी हळूच धोतर गुडघ्यावर सरकवलं.

"पोरी, माह्यं बी रक्त घे."

"हा आजार माणसाला होत नाही, काका."

"मंग दोघाचे संगच काऊन दुखून राह्यले?"

आतून त्यांच्या बायकोचा, अन्नपूर्णाबाईंचा आवाज आला. "तिले बिमारी हाय. तुम्ही नुसते बसून राह्यता."

रेवतीने हसू दाबलं. यावर औषध नव्हतं, पण विषाणू दुधातून पिल्लाला जातो. म्हणून पिल्लू जन्मताच वेगळं करून त्याला गाईचा चीक आणि पुढेही गाईचंच दूध पाजा, असं तिने बजावलं.

रूपा भरदुपारी व्याली. पिल्लू उचलून हिंमतराव वळतात तोच दुखऱ्या पायांची रूपा शिंगं रोखून त्यांच्या मागे धावली. कुंपण ओलांडून ते शेजारच्या कोकिळाबाईंच्या न्हाणीत शिरले. आपले गुडघे दुखतात हे त्यांना तिथे पोचल्यावर आठवलं.

बाटलीने दूध पाजता पाजता पिल्लाने त्यांनाच आई मानलं. एकदा ते त्यांच्या मागोमाग देऊळगाव राजाच्या बसमध्ये चढलं आणि धोतराचा सोगा चोखत उभं राहिलं.

कंडक्टरने विचारलं, "हे कोणाचं हो?"

"माह्यंच," हिंमतराव म्हणाले, आणि सगळी बस हसली तरी त्यांना जरासुद्धा वावगं वाटलं नाही.

पुढे पिल्लाचं रक्त तपासलं, ते निर्मळ निघालं. हिंमतरावांनी गल्लीत पेढे वाटले. रूपाने मात्र त्यांना अजून माफ केलेलं नाही. अंगणात ती बांधलेली असली की ते मागच्या दाराने घरात येतात.