सैल लेझीम

“तो नारळ उचला आधी, तानाबाई! शाळा आहे ही, देऊळ नव्हे!”

प्रमोदिनीबाई अकरावी ‘ब’च्या दारातून ओरडल्या. शिपाईण तानाबाईंनी नारळ उचलायचं सोडून त्यालाच नमस्कार केला आणि मागं सरकल्या. वर्गाच्या मधोमध विमल मांडी घालून घुमत होती. भूगोलाच्या तासाला तिच्या अंगात आलं होतं, आणि शुक्रवार असल्यामुळं त्याचं कुणाला नवल वाटलं नव्हतं. कुणीतरी डब्यातून हळदकुंकू आणलं होतं, म्हणजे तयारी घरूनच होती. पोरी एकेक करून पुढं येत होत्या आणि गणितात पास होईन का, असं विचारत होत्या.

बाई वाट काढत आत घुसल्या, तेवढ्यात मागून आवाज आला, “बाई, एक मिनिट.” मुख्याध्यापक गणपतराव दारात उभे होते. चपला बाहेर काढून.

“होऊ दे की जरा. आलीच आहे देवी, तर छपराच्या ग्रँटचं तेवढं विचारून घेतो.”

बाईंनी विमलच्या बखोटीला धरून तिला उठवलं आणि व्हरांड्यातून चालवत नेलं. “देवीला असं ओढत न्हेत्यात व्हय?” असं तानाबाई मागं म्हणत राहिल्या.

बाईंची खोली व्हरांड्याच्या टोकाला होती. दारावर ‘विद्यार्थिनी मार्गदर्शन कक्ष’ अशी पाटी आणि आत लेझमींचा ढीग. दोन वर्षांपूर्वी बाई मुंबईला मार्गदर्शनाचा कोर्स करून मोठ्या हौसेनं परत आल्या होत्या. मुलींच्या मनातलं ऐकून घ्यायचं, त्यांना धीर द्यायचा, असं ते काम होतं. गणपतरावांनी प्रार्थनेनंतर माइकवरून जाहीर केलं, “ज्यांच्या ज्यांच्या डोक्यात काही बिघाड असेल, त्यांनी मधल्या सुट्टीत बाईंच्या खोलीपुढं रांग लावायची!” हेतू चांगलाच होता त्यांचा. पुढं वर्षभर त्या खोलीकडं चिटपाखरू फिरकलं नाही. मुली दारावरून जातानासुद्धा पळत जायच्या.

बाईंना स्वस्थ बसणं जन्मात जमलं नव्हतं. चाळिशी उलटली, लग्न झालं नाही, घरी वडील आणि त्या अशी दोनच माणसं. आणि ही पोर झोपेतसुद्धा चालते, असं वडील, अप्पा, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. रिकाम्या खोलीचा वैताग येऊन एक दिवस बाईंनी पक्कड घेतली आणि सैल झालेल्या लेझमींच्या चकत्या तारेनं आवळायला सुरुवात केली. मदतीला एका मुलीला बोलावलं. खाली मान घालून तार पिळता पिळता ती पोरगी आपण होऊन बोलायला लागली. त्याच दिवशी बाईंनी खोलीतल्या दोन्ही खुर्च्या बाहेर काढल्या. जमिनीवर पोतं, पोत्यावर लेझमी. बोलायचं असेल तिनं येऊन म्हणायचं, “बाई, लेझीम दुरुस्त करायला येऊ का?” यात कुणाला वेडं ठरवण्यासारखं काही नव्हतं.

पी.टी.चे बाळासो सर मात्र चक्रावले होते. एवढ्या पोरी दुरुस्त करतात, तरी लेझमी परत सैल कशा होतात? शाळा सुटल्यावर बाई स्वतःच दोनचार लेझमी सैल करून ठेवत, हे त्यांना कुठं माहीत!

आता बाईंनी विमलला पाणी दिलं आणि काही न विचारता तिच्या पुढ्यात एक लेझीम सरकवली. विमलचा बाप पिराजी गंगावेशीच्या भागात म्हशी राखून होता. तिची थोरली बहीण, आक्का, श्रावणात बाळंतपणात गेली आणि तिची तान्ही पोर आजोळी विमलच्या कडेवर आली. ती कडेवरून उतरतच नव्हती. विमल शाळेच्या प्रार्थनेलासुद्धा डावी कंबर बाहेर काढून उभी राहायची, आणि बाळासो सर रोज ओरडायचे, “ए विमल, सरळ हुबी ऱ्हा!”

“खरं सांगू का बाई?”

“माझ्याकडं नको बघू. चकती बघ आणि सांग.”

“पयल्यांदा आलं ते खरंच आलं. नवरात्रात. मला कायसुदिक कळलं न्हाय. आता मातर कवा येतंय, कवा मीच आणतोय.”

“का आणतेस?”

विमलनं तारेला दोन पीळ दिले. “दाजीला देणार हाईत मला. पोरगी आईबिगर कशी वाढंल म्हणून. माघात लगीन, आन् परीक्षा त्याच्या फुडं. येत्या शुक्रवारी वडगावची माणसं येणार हाईत सुपारी फोडाय. त्या दिवशी देवी न्हाय म्हणणार हाय.”

“आणि तू?”

“मी न्हाय म्हटलं तर कोण ऐकतंय? देवीचं ऐकत्यात. बा तर पाया पडतोय माझ्या. त्याच्या आदी जन्मात कदी माझ्याकडं बघून बोलला न्हवता त्यो.”

बाईंचं लक्ष तिच्या केसांकडं गेलं. मानेवर एक चिकट गुंता झाला होता. “केस विंचरत नाहीस?”

“आई विंचरू देत न्हाय. जट यायला लागलीया म्हणती. जट आली की परडी घ्याय लागतीया हातात, देवीच्या नावानं. जन्मभर जोगवा मागत फिराय लागतंय.” ती हे दुसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तसं बोलली.

देवी गप्प बसली तर पोर लग्नात जाणार, आणि देवी बोलली तर पोर परडीत जाणार. कोर्समध्ये शिकवलं होतं, ‘हे कर, ते कर’ असं मुलीला सांगायचं नाही. तिचा निर्णय तिला घेऊ द्यायचा. पंख्याखाली बसून शिकवणाऱ्याला ते शोभत होतं. बाईंना त्या नियमाचा भयंकर राग आला. त्या उठल्या, खिडकीपर्यंत गेल्या, परत येऊन बसल्या.

“देवी एकदा नाही म्हणाली, की पुढच्या शुक्रवारी तिला आणखी काही विचारतील. त्याच्या पुढच्याही. परीक्षेला कोण बसणार मग? तू की ती?”

“मग काय करू मी?”

“ते मी सांगणार नाही,” बाई म्हणाल्या, आणि हे उत्तर त्यांना स्वतःलाच आवडलं नाही. “पण एक कर. तुझ्या स्वतःच्या आवाजात एकदा म्हणून बघ. इथं. मला म्हण.”

“कुणी ऐकलं तर?”

बाईंनी दोन्ही हातांत दोन लेझमी घेतल्या आणि जोरजोरात हलवायला लागल्या. खोली नुसती खणखणली. “म्हण आता!”

पहिल्यांदा विमलचे नुसते ओठ हलले. मग काहीतरी पुटपुटली. मग एकदम, “मला न्हाय करायचं लगीन!” असं ती इतक्या मोठ्यानं ओरडली की बाईंचे हातच थांबले.

बाहेरून बाळासो सरांनी विचारलं, “काय चाललंय हो बाई?”

“दुरुस्ती!” बाईंनी ओरडून सांगितलं.

तो आठवडा बाईंना वैऱ्याचा गेला. त्या उभ्या उभ्या जेवत, अर्ध्या रस्त्यातून कुलूप लावलं का ते बघायला परत येत. “अगं, टेक की जरा,” अप्पा म्हणत, तर त्या अप्पांवरच डाफरत. पोर आपल्या आवाजात बोलली आणि बापानं शाळाच सोडवली, तर? दोनदा त्यांना वाटलं, सांगावं विमलला, बोलू दे बाई देवीलाच. दोन्ही वेळा त्या वर्गाच्या दारातून परत फिरल्या.

शुक्रवारी विमलच्या आईनं, चिमणाबाईनं, त्यांना आग्रहानं बोलावलं होतं. देवीच्या बाई म्हणून त्यांचाही मान होता. सोप्यात घोंगड्यावर वडगावची माणसं बसली होती. सयाजी, विमलचा दाजी, त्यांच्यात खाली मान घालून बसला होता. गल्लीतल्या बायका आपापला नारळ घेऊन प्रश्न विचारायला आल्या होत्या. चिमणाबाईनं विमलच्या कडेवरची पोर काढून घेतली, विमलच्या कपाळाला मळवट भरला, कापूर लावला.

विमलनं डोळे मिटले. गोठ्यातली म्हैस तेवढी खुंट्याला शिंग घासत होती. आता कोण बोलणार, हे बाईंना ठाऊक नव्हतं. त्यांनी पदराचा बोळा मुठीत आवळून धरला होता.

विमलनं डोळे उघडले.

“आज देवी आली न्हाय,” ती म्हणाली. “मी इमल बोलतोय. मला दाजीसंगं लगीन न्हाय करायचं. मला परीक्षेला बसायचं हाय.”

पिराजी उठला. आठवड्याला पाया पडणारा बाप त्याच्या चेहऱ्यावरून पुसून गेला होता. “तुला कुणी इचारलं गं?” म्हणत त्यानं हात उगारला. बाई कधी मध्ये जाऊन उभ्या राहिल्या, त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

“मामा, हात खाली घ्या,” घोंगड्यावरून सयाजी म्हणाला. “मला बी कुणी इचारलं न्हवतं.”

तो उठला, चिमणाबाईजवळ गेला आणि त्यानं पोर मागून घेतली. “ही माझी हाय. मी न्हेतो. वडगावला आई हाय माझी, ती वाढवंल.”

एवढं मात्र विमलनं हिशेबात धरलं नव्हतं. तिचे हात आपोआप पुढं झाले आणि तसेच राहिले. पोर बापाच्या खांद्यावरून तिच्याकडं झेपावत होती.

“दाजी,” विमल म्हणाली, “तिला म्हशीचं दूध पचत न्हाय. शेरडीचं द्या. कोमट करून.”

“व्हय,” सयाजी म्हणाला.

बायकांनी आपापले नारळ उचलले आणि पदराखाली घालून निघाल्या.

सोमवारी विमल तेल लावून, दोन घट्ट वेण्या घालून शाळेत आली. मानेवरचा गुंता कापावा लागला होता. तिथले केस आखूड होते. मुली तिच्या वाटेला गेल्या नाहीत. त्यांची देवी गेली होती. “तरीच ग्रँटचं काही खरं दिसत नव्हतं,” गणपतराव तानाबाईंना म्हणाले. घरी बाप पुन्हा तिच्याकडं न बघता बोलायला लागला होता, पण शाळेतून तिचा दाखला काढायला काही तो आला नाही.

प्रार्थना सुरू झाली आणि बाळासो सर ओरडले, “ए विमल! सरळ हुबी ऱ्हा!”

तिनं चटकन कंबर आत घेतली. दोन ओळी झाल्या नाहीत तोवर डावी बाजू पुन्हा बाहेर आली.

“राहू द्या, सर,” बाई म्हणाल्या.

“असं कसं? सवय मोडाय नको?”

“मोडेल.” बाईंचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

मधल्या सुट्टीत विमल खोलीच्या दारात उभी राहिली. “बाई, लेझीम दुरुस्त करायला येऊ का?”

बाईंनी पोत्यावर सरकून जागा दिली. त्या शुक्रवारच्या गडबडीत लेझमी सैल करायच्या राहूनच गेल्या होत्या. ढिगातली एकूणएक घट्ट होती. विमलनं एक उचलली, हलवून बघितली, दुसरी बघितली. मग पक्कड घेऊन तिनं एका लेझमीची तार स्वतःच उलटी पिळून सैल केली, आणि खाली मान घालून पुन्हा आवळायला लागली.