धवल्यातलं वचन

नम्रताला सगळं पाठ होतं. उपमा, रूपक, चेतनगुणोक्ती, शोकांतिकेतल्या नायकाची चूक. पेणच्या कॉलेजात वत्सला मॅडम एकेक संज्ञा शिकवायच्या आणि ही मिठागरवाल्याची पोर पहिल्या बाकावरून त्या संज्ञेला घरचं उदाहरण द्यायची. बी.ए.चा शेवटचा पेपर तेवढा राहिला होता, साहित्यविचाराचा, मंगळवारी अकरा वाजता. आणि लग्न होतं त्याच्या दोनच दिवस आधी, रविवारी. तारीख काढताना नवरीला कोण विचारतंय! रोह्याजवळ वरसे गावचं स्थळ, मुलगा निलेश कंपनीत कायम, एवढं ऐकून तिच्या बापाने, कान्हूने, होकार देऊन टाकला होता.

"आणि माझा पेपर?" तिने विचारलं.

"आता तू त्यांची. त्यांना विचार," कान्हू म्हणाला.

लग्नाआधी सासऱ्याला विचारायचं कुठल्या तोंडाने, हे काही त्याने सांगितलं नाही. आईने तर कानांवर हातच ठेवले.

त्यांच्या आगरी लग्नात धवलारीण लागतेच. एकेक विधी ती गाऊन करते, आणि गाण्यात नवरीच्या वतीने 'मी' म्हणते तीसुद्धा धवलारीणच. नवरी आपली पाटावर मुकी. प्रथमपुरुषी निवेदन म्हणजे आपली गोष्ट आपल्या तोंडून, असं नम्रता वर्षभर घोकत आली होती. इथे गोष्ट तिची आणि 'मी' दुसरीचा. तिला याचा फार राग आला, आणि त्या रागातच तिला वाट सुचली. तिच्या गावच्या एका धवल्यात, म्हणजे लग्नगाण्यात, नवरी एकेक मागणं मागते आणि नवऱ्याचा बाप साऱ्या मांडवादेखत "दिलं" म्हणतो. ती धोंडुबाई धवलारणीकडे गेली.

"आत्ये, माझं एक मागणं त्यात घाल."

"पेपराचं? चालीत बसंल का गो?"

"बसव तू."

"बसवते. मांडवात दिलेलं नाय कसं म्हणतील?" धोंडुबाई म्हणाली. बिचारीचा स्वतःचाही त्यावर विश्वास होता.

रविवारी मांडव खचाखच भरला. धोंडुबाईने गळा मोकळा केला. नवरीने चंदनाची पालखी मागितली. सासरे पुंडलिक छाती काढून म्हणाले, "दिली." नवरीने चांदण्या जडवलेली चोळी मागितली. "दिली." मग धोंडुबाईने त्याच चालीत म्हटलं, 'मंगळवारी मला पेणला धाडा, माझा पेपर पुरा करा.' पुंडलिक खो खो हसले आणि ओरडले, "दिला! पेपर बी दिला!" टाळ्या पडल्या, बेंजो वाजला. नम्रताच्या डोळ्यांतून पाणी आलं. पोरीचं माहेर तुटतंय, असं बाया म्हणाल्या. खरं तर इतका आनंद तिला उभ्या जन्मात झाला नव्हता. पुढे नवरीने दारात समुद्र मागितला आणि तोही मिळाला. निदान तेव्हा तरी या हुशार मुलीने सावध व्हायला हवं होतं.

मंगळवारी पहाटे निलेश पहिल्या शिफ्टला निघाला. "बाबा व्हय बोललेत ना, मग झालं," एवढं बोलून त्याने सायकल काढली. नम्रता साडी नेसून, पर्समध्ये हॉल तिकीट घालून ओटीवर आली. पुंडलिक चहा पीत होते.

"कुठं निघालीस गो?"

"पेणला. पेपर आहे. तुम्ही मांडवात दिलात."

माणूस वाईट नव्हता. त्यांना खरोखरच नवल वाटलं. "अगो, पालखी बी दिली न् समुद्र बी दिला. ते कवा मागतेस?" सासूबाईंनी हसू लपवायला तोंडाला पदर लावला. पुंडलिक पुढे म्हणाले, "अंगाची हळद नाय उतरली अजून, देव नाय भेटले. नवी नवरी उंबऱ्याभायेर जात नाय. पेपर काय, पुढल्या वर्षी बघू."

ते वेगळं होतं, असं म्हणायला तिने तोंड उघडलं. ती अतिशयोक्ती होती मामंजी, माझं मागणं खरं होतं, हे ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. चाल एक, गाणारी एक, 'दिलं' एक. खरं मागणं खोट्यांच्या रांगेत तिने स्वतःच नेऊन बसवलं होतं. पेणची एस.टी. नाक्यावर हॉर्न वाजवून गेली. दारात पुंडलिक पाय पसरून बसले होते, आणि त्यांना ओलांडून जायची तिची छाती झाली नाही.

अकराच्या सुमाराला शेजारच्या बाया नवरी बघायला आल्या. तिला पाटावर बसवलं, हातातला चुडा उलटसुलट करून बघितला.

"तुमच्या धवलारणीनं लय हसवलं गो," एक म्हणाली. "ते पेपराचं कसं व्हतं? म्हण बघू."

सासूबाईंनी कोपराने ढोसलं. "म्हण गो. बाया एवढ्या आल्यात."

नम्रताने पदर सारखा केला आणि पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडाने म्हटलं, "मंगळवारी मला पेणला धाडा, माझा पेपर पुरा करा."

बाया पोट धरधरून हसल्या आणि म्हणाल्या, आणखी एकदा.