लाइन कपची शेवटची भाऊबीज

फोन शैलाबाईंनी उचलला, आणि उचलला त्या घडीपासून आठवडाभर त्यांना अन्न गोड लागलं नाही. फोन हर्षलचा होता. हर्षल म्हणजे भिलाईतल्या क्लबचा नवा सेक्रेटरी, कारखान्यात इंजिनिअर, बोलायला गोड, आणि मराठी सुरू केली की दुसऱ्या वाक्याला हिंदीत उतरणारा.

"काकू, जुन्या टेनिस कोर्टावर आता पिकलबॉलचं कोर्ट बनून राहिलं. तोडण्याच्या पहले एक शाम रखी है, लाइन कपच्या जुन्या लोकांसाठी. पूरी हिस्ट्री काकाच सांगतील. बिलासपूरहून तारा मॅडम पन येऊन राहिल्या."

"कोन तारा मॅडम?" शैलाबाईंनी विचारलं. कोण ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

"अरे काकू, काकांच्या पार्टनर!"

पार्टनर! कार्ट्याला दुसरा शब्द सापडला नाही. लग्न शैलाबाईंशी, तिन्ही शिफ्टचे डबे शैलाबाईंनी भरायचे, सासूचं दुखणं शैलाबाईंनी काढायचं, आणि पार्टनर कोण, तर तारा लांजेवार.

गुलाबराव कापगत्यांनी निरोप ऐकला आणि "बरं," एवढंच म्हणाले. ते कारखान्याच्या रेल मिलमधून रिटायर झालेले, सेक्टरमधलं क्वार्टर सोडून दुर्गच्या मोहन नगरात स्वतःचं घर बांधून राहिलेले, साखर आणायला पाठवलं तर मीठ घेऊन येणारे गृहस्थ. पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या मिशा काळ्या झाल्या. तिसऱ्या दिवशी पांढरा शर्ट इस्त्रीला गेला. शैलाबाई डोळ्यांत तेल घालून हे सगळं बघत होत्या आणि आतल्या आत जळत होत्या. पोरीच्या लग्नात मिशीला रंग लावा म्हणून त्यांनी विनवण्या केल्या होत्या, तेव्हा याच माणसाला त्या रंगानं खाज सुटत होती.

लाइन कप म्हणजे काय ते आता भिलाईतही फारसं कुणाला माहीत नाही. गोंदियापासून रायपूरपर्यंतच्या रेल्वे लाइनीवर जेवढी टेनिस कोर्टं होती, तिथले खेळणारे दिवाळीत भिलाईला जमायचे. कुणी गार्ड, कुणी तिकीट बाबू, कुणी कारखान्यातले फोरमन. पॅसेंजरनं यायचे, रॅकेटी गादीच्या वळकटीत गुंडाळून आणायचे आणि ओळखीच्यांच्या क्वार्टरमध्ये मुक्काम ठोकायचे. मुरमाचं कोर्ट, चुन्याच्या रेघा, आणि सामना रंगात आला की कुणाची तरी शिफ्ट सुरू व्हायची. मग तो सामना उद्यावर.

बायका खेळायला लागल्या तेव्हा खरी पंचाईत झाली. एकेकट्या खेळल्या तर एक वेळ चालेल, पण परक्या पुरुषाच्या जोडीनं मिक्स्ड डबल्स? सासवांनी घरोघर तोंडं वाकडी केली. त्यातून वाट काढली ती भागीरथाबाईंनी. या एका स्टेशनमास्तरांच्या बायको, मूळच्या तुमसरकडच्या, आणि त्यांच्यापुढे खुद्द स्टेशनमास्तरही हळू बोलायचे. त्या म्हणाल्या, मिक्स्डची फायनल भाऊबीजेला ठेवा. पोरी आधी कोर्टावर आपापल्या पार्टनरला ओवाळतील, मग खेळतील. भावासोबत खेळायला कुणाच्या बापाची ना आहे?

आणि ही तोड सगळ्यांना पटली. बंगाल्यांचा त्या दिवशी भाईफोटा, पंजाब्यांची भाईदूज. केरळच्या फोरमनला यातलं काही माहीत नव्हतं, पण तोही कपाळावर टिळा घेऊन सर्व्हिस करायचा. नेटच्या दोन्ही बाजूंना ताटं, निरांजनं, सुपारी आणि मग चेंडू. गोंदियाच्या लोकांना वाटायचं, टेनिसचा नियमच आहे तो.

मात्र या ओवाळण्याला दुसरी बाजूही होती. ज्यांच्या मनात काही असेल, ते दिवाळीआधीच जोडी बदलून घ्यायचे. एका बंगाली पोरीनं ती बदलली नाही आणि ऐन वेळी ताट हातात घ्यायला साफ नकार दिला. संक्रांतीला तिचं लग्न त्याच पार्टनरशी झालं. तेव्हापासून ज्या जोडीत ओवाळणं झालं नाही, तिथं काय ते सगळ्या क्वार्टरांना कळायचं.

तारानं गुलाबरावांना दरवर्षी ओवाळलं होतं. रेल्वे कॉलनीतल्या गार्डाची ही मुलगी, शाळेत शिकवणारी, लग्नाचं वय उलटत चाललेली, सलवार खोचून मुलासारखी धावणारी. शैलाबाई प्रेक्षकांत खुर्चीवर बसून ते ओवाळणं नीट पाहायच्या आणि मगच भुईमुगाच्या शेंगा फोडायला घ्यायच्या. आणि मग ती शेवटची भाऊबीज आली. सगळ्या पोरींनी ताटं धरली. तारानं धरलं नाही. "उशीर झाला, चाला, खेळून घेऊ," असं काहीतरी म्हणत ती थेट बेसलाइनला जाऊन उभी राहिली. गुलाबराव क्षणभर कोरं कपाळ घेऊन तिथंच उभे होते.

"यंदा ओवाळलं नाई वाटते, व शैला?" शेजारच्या ठकूबाईंनी विचारलं होतं. विचारलं हळू, पण चार खुर्च्यांना ऐकू जाईल एवढं.

त्या दिवशी दोघं असे खेळले की बघणारे उभे राहिले. कप जिंकला. शैलाबाईंनी टाळ्या वाजवल्या, घरी येऊन पुरणपोळी केली आणि मोरीत जाऊन रडल्या.

पुढच्या दिवाळीत लाइन कप झाला नाही. कुणी बंद केला असं नाही, तो बंद पडला. रायपूरवाल्यांना वाटलं भिलाईवाले बोलावतील, भिलाईवाल्यांना वाटलं गोंदियावाले विचारतील. राज्य वेगळं झालं, जुने लोक रिटायरमेंट घेऊन गावी गेले, पोरं क्रिकेटला लागली आणि कोर्टावर लोक स्कूटर लावायला लागले. ताराचं लग्न झालं, ती बिलासपूरला गेली. गुलाबराव लग्नाला गेले नाहीत. बी शिफ्ट आहे म्हणाले.

म्हणजे ओवाळायचं राहिलं ते राहिलंच. पुढच्या वर्षी झालं असतं तर शैलाबाईंचा जीव भांड्यात पडला असता. त्या भाऊबीजेला ताराच्या मनात काय होतं, एवढं एकदा कळावं, एवढीच त्यांची इच्छा होती. नवऱ्याला त्यांनी कधी विचारलं नाही. भांडल्या मात्र खूप, भाजीवरून, पंख्यावरून, भाच्याच्या मुंजीवरून. प्रत्येक भांडणाच्या तळाशी तारा होती आणि गुलाबरावांना वाटायचं, बाईचा स्वभावच तापट.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी शैलाबाईंनी ठेवणीतली पैठणी नेसली. क्लबात म्हातारे-म्हाताऱ्या सुती कपड्यांत आले होते. त्यांच्यात पैठणी बघून हर्षलनं "काकू, कोनाचं लगन हाय?" असं विचारलं, तेव्हा त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

तारा आली. गुडघ्यांनी अधू झालेली, अंगानं सुटलेली, पांढरे केस कापून टाकलेली. शैलाबाईंना वाटलं होतं, तिला अशी बघून बरं वाटेल. पण ती हसली आणि तेच ते जुनं, सगळ्या कोर्टाला ऐकू जाणारं हसू. तिला बघून गुलाबराव खुर्चीतून उठले. घरी पाहुणे आले तरी हा माणूस पेपरातून डोकं वर काढत नाही.

मग त्यांचं भाषण झालं. लाइन कप कसा सुरू झाला, पॅसेंजर चुकली म्हणून राजनांदगावचे दोघं मालगाडीच्या ब्रेकमध्ये, म्हणजे गार्डाच्या डब्यात, बसून कसे आले, भागीरथाबाईंनी ओवाळण्याची रीत कशी घातली, सगळं त्यांनी रंगवून सांगितलं. लोक हसले, कुणी डोळे पुसले. शेवटच्या फायनलवर आले तेव्हा मात्र आवाज उतरला. ताराजींनी कोपऱ्यातून मारलेला बॅकहँड चुन्याच्या रेघेवर कसा पडला, चुना कसा उडाला, याचं त्यांनी असं वर्णन केलं की पिकलबॉलवाली पोरंही गप्प झाली. शैलाबाईंच्या स्वयंपाकाबद्दल ते आजवर इतकं सविस्तर कधी बोलले नव्हते. त्या भाऊबीजेला ओवाळणं झालं की नाही, त्याचा मात्र उल्लेखही नाही. शैलाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

चहाच्या वेळी तारा समोसा घेऊन नेमकी त्यांच्याच शेजारी येऊन टेकली. "वहिनी, तुमी तर तशाच्या तशाच हा," ती म्हणाली. "माह्यं पाहा ना, चढावाचं तर नावच काढू नका."

शैलाबाईंनी ठरवलं होतं की गोड बोलून आडून आडून विचारायचं. पण इतक्या वर्षांचं दाबलेलं कुठं आडून येतं? "एक विचारू?" त्या म्हणाल्या. "शेवटच्या साली तुमी यायले ओवाळलं नाई. कावून?"

तारानं समोसा बशीत ठेवला. मग तारानं इकडंतिकडं पाहिलं, त्यांच्या कानाशी वाकली आणि पदरात तोंड खुपसून हसायला लागली.

"अव वहिनी, माही अडचन होती ना! सकाळीच पाळी आली. आई म्हने, घरी बस. फायनल सोडून घरी कोन बसते? खेळाले काई विटाळ नाई, पन निरांजनाचं ताट कसं धरू? आईनं जीव घेतला असता माहा. आन एवढ्या मानसांत सांगू तरी कोनाले?"

"एवढंच?"

"नाई तर काय? दुसरं काय असन?" तारा डोळे पुसत म्हणाली. "मले तर भाऊच नाई. माह्या घरी तोच एक भाऊ होता ओवाळाले. यंदा या दोघं बिलासपूरले. राह्यलेलं ओवाळून टाकतो."

शैलाबाईंना हसावं की रडावं कळेना. साप साप म्हणून किती वर्षं भुई धोपटली! किती भाज्या खारट केल्या, किती रात्री भिंतीकडे तोंड करून झोपल्या, आणि होतं काय, तर बाईमाणसाची अडचण. बाई असून हे आपल्या डोक्यात कसं आलं नाही? त्यांनी ताराच्या बशीतला अर्धा समोसा न विचारता उचलला आणि खाल्ला. बऱ्याच दिवसांनी कशाला तरी चव होती.

निघताना त्यांनी ताराचे दोन्ही हात धरून तिला घरी यायचं निमंत्रण दिलं. ती गाडीत बसून निघून गेली तरी शैलाबाई हात हलवत होत्या. गुलाबराव स्कूटरपाशी उभे राहून हे नवल बघत होते.

वाटेत शैलाबाई नुसत्या हसत राहिल्या. स्कूटर मोहन नगरात शिरली, घराच्या फाटकाशी थांबली, तेव्हा मात्र त्यांना राहवेना.

"अहो, आयका ना. तुमाले ठाव हाय का, तारानं त्या साली तुमाले कावून ओवाळलं नाई?"

गुलाबराव फाटकाची कडी काढत होते. कडीवरचा हात तसाच राहिला. "कावून?" त्यांनी विचारलं. अगदी हळू विचारलं.

"पाळी आली होती तिले! अन् आईच्या भेवानं ताट नाई धरलं. मी अन् ठकूबाई काय काय समजून बसलो होतो!" शैलाबाई खदखदून हसल्या.

गुलाबराव हसले नाहीत. रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात त्यांची काळी केलेली मिशी उगाचच चिकटवल्यासारखी दिसत होती. "तिनं असंच सांगतलं?" ते म्हणाले.

"हाव. असंच."

"आनखी काई नाई म्हनली?"

शैलाबाईंचं हसू ओसरलं. त्यांनी नवऱ्याकडे नीट पाहिलं. बऱ्याच वर्षांत असं पाहिलं नव्हतं, रागानं पाहत आल्या होत्या. वाट पाहणाऱ्या माणसाचा चेहरा कसा असतो ते त्यांना माहीत होतं, त्यांनी स्वतःचा आरशात पाहिला होता.

"म्हनली ना," त्या सावकाश म्हणाल्या. "यंदा भाऊबीजेले बिलासपूरले या म्हनली. एकुलता एक भाऊ हाय, राह्यलेलं ओवाळून टाकतो म्हनली."

"नाई जायचं," गुलाबराव म्हणाले. शैलाबाईंचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं.

"कावून?"

"लय दूर पडते."

दूर! दुर्गहून सकाळच्या गाडीत बसलं तर जेवणाच्या आत बिलासपूर. गेल्याच महिन्यात हा माणूस कुणाच्या तरी नातवाच्या बारशाला नागपूरला जाऊन संध्याकाळी परत आला होता. शैलाबाईंच्या जिभेवर हे सगळं आलं. गुलाबराव फाटक उघडून स्कूटर आत घेत होते आणि त्यांच्या बाजूला बघत नव्हते. इतकी वर्षं त्या पुराव्याशिवाय भांडल्या होत्या. आज पुरावा हातात होता आणि त्यांना भांडता येईना. पैठणीचा पदर सावरून त्या त्यांच्या मागून घरात गेल्या आणि जेवायला वाढू का, असं विचारलं.