डागवाल्यांचा रंग

डॉड कॉवीने काठीने शर्ट काहिलीतून वर काढला, निथळू दिला आणि उजेडाकडे धरून पाहिला. शर्ट पांढराच होता. खरं सांगायचं तर बुधवारी पिशवीतून काढला तेव्हापेक्षा अंमळ उजळच वाटत होता. गरम पाण्याने न्हाऊन निघाल्यावर कुणालाही बरं वाटतं, तसं त्यालाही वाटलं असावं.

"बघ," तो बायकोला म्हणाला. "बुधवारपासून शिजवतोय. बटाटा असता तर एव्हाना लगदा झाला असता."

बेला धक्क्याच्या कठड्यावर बसून पावाला लोणी लावत होती. तिने हात पुसले, शर्टाची बाही बोटांत धरून चोळली आणि सोडून दिली.

"हे कापड नाहीच, डॉड. न्हाणीघराच्या पडद्याला बाह्या शिवल्यात."

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या स्कारहाइथ गावात त्या शनिवारी दुपारी हंगामाचा पहिला सामना होता आणि गावच्या फुटबॉल संघाला रंग नव्हता. हे संकट पूर्वी कधी आलं नव्हतं. आपण विड्याला लावतो तोच कात, वड्यांच्या रूपाने जहाजातून या बंदरात यायचा आणि तांब्याच्या मोठ्या काहिलीत उकळून त्यात मासेमारीची सुती जाळी बुडवली जायची, म्हणजे ती खाऱ्या पाण्यात कुजत नसत. डॉडचा आजा, त्याचं नाव एक्, हा गावचा जाळी रंगवणारा. क्लब निघाला तेव्हा अकरा गडी अकरा तऱ्हेचे पांढरे शर्ट घालून आले. एकाने बापाचा झोपायचा अंगरखा अर्ध्यावर कापला होता, दुसऱ्याच्या पाठीवर पिठाच्या गिरणीचं नाव होतं. एक् आजाला ते बघवेना. त्याने सगळ्यांचे शर्ट उतरवले आणि जाळ्यांबरोबर काहिलीत ढकलले. बाहेर आले ते सगळे एकजात, कडक चहाच्या रंगाचे.

पहिला सामना किनाऱ्यापासून आत असलेल्या ऑक्टरलिन गावाशी होता. ते शेतकरी, पांढऱ्याशुभ्र शर्टांचे. धो धो पाऊस झाला आणि एक् आजाचा रंग वाहू लागला. सामना संपला तेव्हा ऑक्टरलिनच्या प्रत्येक गड्याच्या पाठीवर, खांद्यावर आणि न सांगण्याजोग्या जागी तपकिरी पंजे उमटले होते. त्यांनी चिडून स्कारहाइथला 'डागवाले' म्हटलं. स्कारहाइथने ती शिवी मेडलसारखी छातीवर लावली. तेव्हापासून प्रेक्षक एकच ओळ आळवत, 'हात लावाल तर घरी घेऊन जाल.' गावात या इतिहासाच्या आणखीही आवृत्त्या होत्या, कारण प्रत्येक घरात कुणाचा ना कुणाचा आजा होताच. क्लबचे चिटणीस फिंडलेसाहेब तर हा रंग जहागीरदाराच्या शिकारी कोटावरून घेतला असं छातीठोकपणे सांगत. जहागीरदाराचा शिकारी कोट हिरवा होता, पण फिंडलेसाहेबांना अशा किरकोळ गोष्टी आडव्या येत नसत.

डॉड चौदाव्या वर्षी या काहिलीपाशी उभा राहिला आणि हीच आपली जागा असं त्याला वाटलं. मग नायलॉनची जाळी आली. त्यांना कात नको, उकळणं नको, डॉडही नको. तो बर्फाच्या कारखान्यात फावड्याने बर्फ ओढू लागला. काहील राहिली ती फक्त क्लबच्या शर्टांसाठी. वर्षातून एकदा तो तिच्याखाली जाळ करी, बाह्या वर सारी आणि त्या दिवशी त्याला आपण कुणीतरी आहोत असं वाटे. बाकीचं वर्ष तो त्या एका दिवसाच्या भरवशावर काढत असे.

या वर्षी फिंडलेसाहेबांनी पॉलिएस्टरचे शर्ट आणले. क्लबच्या सभेत त्यांनी वेष्टनावरचा मजकूर अभिमानाने वाचून दाखवला. इस्त्री नको, चटकन वाळतात, डाग पडत नाही. डागवाल्यांच्या सगळ्या कार्यकारिणीने टाळ्या वाजवल्या आणि एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. रंग बसत नाही हे कळल्यावर मात्र साहेबांनी मार्ग काढला. हा हंगाम पांढऱ्यावर निभवायचा, पुढच्या वर्षी कारखान्यातूनच तपकिरी मागवायचे आणि काहील मोडीत द्यायची. बंदरवाल्यांना तिथे मोटारी लावायला जागा हवीच होती. डॉडने शनिवारपर्यंत मुदत मागितली. त्याने व्हिनेगर घालून पाहिलं, गंजके खिळे घालून पाहिले. बेलाच्या मते तो काहिलीची समजूतही काढत होता, पण काही उपयोग झाला नाही.

दुपारी ऑक्टरलिनची बस आली. तिच्यातून सर्वांत आधी उतरली ती त्यांचे कपडे धुणारी जेसी मेर. दरवर्षी ती बसमधून उतरे, तडक काहिलीपाशी येई आणि मागच्या वर्षीच्या डागांबद्दल डॉडची खरडपट्टी काढी. डॉड टोपी उचलून ऐकून घेई. दोघांनाही त्याशिवाय हंगाम सुरू झाल्यासारखा वाटत नसे. या वेळी ती दोरीवर वाळत घातलेले पांढरे शर्ट बघून थबकली.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

"कुणी नाही. नवं कापड आहे. रंग धरत नाही."

जेसीने शर्ट चोळला, हुंगला आणि तिचा चेहरा पडला.

"आणि मी काय करू, कॉवी? आमच्याकडे कुणाच्या लग्नाच्या चादरीवर वाइन सांडली तरी मला बोलावणं येतं. का, तर कॉवीचा डाग काढते ती बाई. आता लोकांना काय सांगू?"

स्कारहाइथच्या गड्यांनी दोरीवरचे शर्ट नेऊन अंगात चढवले आणि थोड्याच वेळात मैदानावर गलका झाला. मैदान धक्क्याच्या भिंतीला लागूनच होतं. दोघं गेली तर पंच मध्यरेषेवर कंबरेवर हात ठेवून उभा होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरे शर्टच पांढरे शर्ट. ऑक्टरलिनवाले पांढरे असतात ही गोष्ट स्कारहाइथमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक होती, पण फिंडलेसाहेबांनी तिचा विचार केलेला नव्हता. नियम साधा होता. यजमानांनी शर्ट बदलायचे, नाहीतर गुण पाहुण्यांना. यजमानांकडे दुसरे शर्ट नव्हते. उघड्या अंगाने खेळू का, असं कप्तानाने विचारून पाहिलं. समोर बायाबापड्या बसल्यात, असं पंच म्हणाला. बायाबापड्यांची काही हरकत दिसली नाही, पण पंच बधला नाही. फिंडलेसाहेब खाली बघत बुटाने गवत उकरू लागले.

ऑक्टरलिनचा कप्तान रॉरी हा जेसीचा भाचा. तो खुशीत येऊन चेंडू बगलेत मारून बसकडे निघालाही होता. जेसीने त्याची वाट अडवली.

"शर्ट काढ."

"काय?"

"तुमचे सुती आहेत. कॉवीचा कात उकळतोय. काढा सगळ्यांनी."

"मावशी, गुण फुकट मिळतायत."

"गुण काय बटाट्याबरोबर खाणारेस? बसमध्ये हाडं खिळखिळी करून घेतली ती या फिंडलेचं तोंड बघायला नव्हे. आणि पुढच्या शनिवारी तुमचेही हे असलेच येणारेत, चकचकीत. हे सुती मी पोतेऱ्याला काढणार. पोतेरं व्हायच्या आधी एकदा त्यांना रंग बघू दे." मग ती डॉडकडे वळली. "बघतोस काय? इतकी वर्षं तुझा रंग काढतेय. घालतात कसा ते तरी दाखव."

डॉडने बाह्या वर सारल्या. ऑक्टरलिनचे शर्ट एकेक करून काहिलीत गेले आणि सुताने तो रंग तहानलेल्यासारखा पिऊन घेतला. तो काठीने ढवळत होता, जेसी शेजारी उभी राहून मन लावून बघत होती. आपल्या हाताने शुभ्र केलेलं कापड बुडताना तिच्या तोंडून एकदाच चुकचुक निघाली. मग दोघांनी दोन टोकं धरून शर्ट पिळले. रॉरीने तो ओला, कढत शर्ट अंगात चढवला आणि मेल्या माशाचा वास येतो अशी तक्रार केली.

"तुझ्या आजालाही यायचा," डॉड म्हणाला.

सामना सुरू झाला आणि स्कारहाइथच्या प्रेक्षकांनी सवयीने ओळ धरली, 'हात लावाल तर'. अर्ध्यावर त्यांच्या लक्षात आलं की तपकिरी ते दुसऱ्यांचे, तेव्हा गाणं तिथेच विरलं. ऑक्टरलिनवाले मात्र त्या रंगात भलतेच पेटले. पिढ्यान्‌पिढ्या अंगावर घेतलेले पंजे ते व्याजासकट परत करत होते. मध्यंतरापर्यंत स्कारहाइथच्या प्रत्येक पांढऱ्या पाठीवर तपकिरी हात उमटले होते, धुतल्यावर जाणारे का होईना. बेला म्हणाली की फिंडलेसाहेबांनी वेष्टन जपून ठेवलं असेल तर दुकानदाराला जाब विचारता येईल.

डॉड नेहमीच्या जागी, यजमानांच्या बाकावर बसला होता. खेळ संपत आला तेव्हा रॉरीला चेंडू मिळाला आणि तो कडेने सुसाट निघाला. शर्ट आता अर्धवट वाळला होता आणि ऊन त्याच्यावर तिरकं पडलं होतं. एक् आजाचा तो रंग, डॉडच्या बापाचा, त्याचा स्वतःचा, गवतावरून धावत होता. हा शेवटचा, हे डॉडला कळत होतं. रॉरीने एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं. चेंडू जाळ्यात गेला आणि स्कारहाइथचे प्रेक्षक गप्प झाले.

त्यांच्यात एकच माणूस उभा राहून ओरडत होता. शेजारीपाजारी वळून बघू लागले. बेलाने त्याचा कोट ओढला.

"डॉड, अरे, आपले पांढरे."

"ठाऊक आहे मला," डॉड म्हणाला, आणि ते तपकिरी शर्ट हळूहळू मध्यरेषेवर परत येईपर्यंत तो टाळ्या वाजवत उभा राहिला.