गाठ न सुटलेली पोती

हौदाच्या कठड्याला माणसं अशी चिकटली होती, की मागच्यांना नुसतं पाण्याचं खळबळणं ऐकू येत होतं. जाळं वर आलं. पूडबाबांची मंतरलेली पूड खाणारे हे मासे शेजारच्या हौदातल्यांपेक्षा दीडपट भरले होते. एक कापला, तर आत अंडीच अंडी. दुसरा कापला, त्यातही अंडी. नर औषधालाही सापडेना.

"जळात आई उतरली आहे!" बाबा डोळे मिटून गरजले. "जिथे पूड, तिथे गर्भ! मासोळीची कूस भरली, मग माणसाची का भरणार नाही?"

मागे उभी असलेली माशांची डॉक्टर दमली होती. नुसत्या नजरेने पाणी शुद्ध करणारे बाबा तिने पाहिले होते, टाळी वाजवून माशांना बोलावणारेही पाहिले होते. एकाचं पितळ उघडं पाडावं, तर पुढच्या हंगामात दुसरा हजर. आताही तिला घरी जाऊन पाय पसरायचे होते. पण हौद तिच्या धाकट्या बहिणीचा होता आणि धाकटी ती पूड स्वतःही खात होती. थायरॉइडच्या गोळ्या बंद करून. तिचा चेहरा सुजला होता, आवाज घोगरा झाला होता, दोन पायऱ्या चढल्या तरी धाप लागत होती.

"गोळ्या का सोडल्यास गं?"

"ताई, बाबा म्हणाले, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत."

"आणि तू नेमकी गोळी टाकलीस!"

"गोळीने मूल झालं का इतक्या वर्षांत?" धाकटी पाण्याकडे बघत म्हणाली. "माशांची डॉक्टर ना तू? मग बघ की मासे."

ताईला तिचा राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली. ती खाद्याच्या खोलीत गेली. धाकटीचा नवरा तिथे टोपलं भरत होता.

"मंतरलेलं पोतं कुठलं हो?"

"ती काय, भिंतीकडची. बाबांनी मंतरून स्वतः गाठ मारली आहे."

"गाठी तर तशाच आहेत."

"असणारच. आधी आलेला माल आधी संपवायचा, नवा मागे लावायचा. नाहीतर जुन्याला बुरशी धरते. पुढची पोती याच पुडीची, पण बाबांच्या गिरणीतून थेट आली होती, बाबा मंतरायला यायच्या आधी. ती आत्ता कुठे संपत..." त्याचा हात टोपल्यातच थांबला.

"म्हणजे मंत्र अजून पोत्यातच आहे," ताई म्हणाली.

दोघांनी एक बंद पोतं उचलून हौदापाशी आणलं. ताईने सगळ्यांना गाठ दाखवली. बाबा म्हणाले, "मंत्राला काळाचं बंधन नाही! तो मागूनही लागतो."

"मग तुम्ही कशाला आलात? घरूनच लावायचा होता!" कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला.

ताईला हसू आलं नाही. "पूड मी आधीच तपासून घेतली आहे," ती म्हणाली. "सोयाबीन आणि गुरांना घालतात तो लसूणघास. या वनस्पतींमध्ये बाईच्या हार्मोनसारखं काम करणारं द्रव्य असतं. पिल्लांना लहानपणापासून भरपूर दिलं, तर नर व्हायचे तेही मादी होतात. या जातीत मादी नरापेक्षा मोठी होते, म्हणून वजन वाढलं. दुसऱ्या जातीचे मासे याच पुडीने खुरटले असते. मग बाबा म्हणाले असते, श्रद्धा कमी पडली."

मग ती फक्त बहिणीशी बोलली. "आणि ही अंडी फुटणार नाहीत. नरच नाही, तर पिल्लं कुठून होणार? पोट फुगलं म्हणजे कूस भरली असं नसतं गं."

धाकटी कठड्यावर बसली आणि तोंड झाकून रडू लागली. ताई शेजारी टेकली. मूल होईलच असं तिने सांगितलं नाही. तसं सांगणारे बाबा पुष्कळ होते.

"नर शेजाऱ्यांकडून आणता येतील," ती म्हणाली. "पण तुला कुठून आणू?"

गर्दी पांगली, पण सगळी नाही. चार-पाच जण बाबांच्या गाडीमागे गेलेच. ताईने त्यांना हाक मारली, "मानायचं तर माना बाबांनो. पण आधी पोत्याची गाठ सुटली का, तेवढं स्वतःच्या डोळ्यांनी बघत जा."

एकानेही वळून पाहिलं नाही. धाकटीने मात्र डोळे पुसले आणि नवऱ्याला म्हणाली, "माझ्या गोळ्या आणा हो. आणि पाणी."