थांबवलेली सायकल

मी सायकल बोलतेय. पुढे जाळीची टोपली, मागे मुलाची खुर्ची. तोक्योच्या उत्तरेला, सोका गावात राहते. हल्ली फार दमते. धावून नाही, थांबून थांबून.

माझी पहिली मालकीण तोकुदा आजी. गुडघे गेल्यावर तिने मला वरच्या मजल्यावरच्या कोजोला देऊन टाकलं. कोजो घानाचा. थंडीत आजीचा रॉकेलचा डबा तोच उचलून आणायचा. ‘कोजो’ म्हणजे इकडच्या भाषेत कारखाना. आजी हसायची, “नावही कारखाना, कामालाही कारखान्यात! घरी तरी वेळेवर येत जा रे.”

कोजोने दुसऱ्याच दिवशी मला रीतसर पोलिसांच्या नोंदीत स्वतःच्या नावावर करून घेतलं. पण आजीला कधी कुणी अडवलं नव्हतं. याला मात्र स्टेशनजवळ दर थोड्या दिवसांनी पोलीस हात करायचे. अगदी नम्रपणे.

“माफ करा हं. सायकल तुमचीच ना?”

“माझीच.”

“कुठून आलात?”

“सोकाहून.”

“तसं नाही, मूळचे?”

मग वायरलेसवर माझा नंबर जायचा. येणारे-जाणारे बघायचे. शेवटी पोलीस वाकून आभार मानायचा, कोजोही वाकायचा. अठरा वर्षं राहून पाठीला तेवढं वळण पडलं होतं.

बालवाडीच्या खेळांच्या दिवशी मात्र फार जिव्हारी लागलं. बाबांची शर्यत होती. पाच वर्षांची अफुआ मागे बसून ओरडत होती, “बाबा, जोरात!” आणि पुलापाशी एक तरुण पोलीस आडवा आला.

“साहेब, मुलीच्या शाळेत पोचायचंय,” कोजो म्हणाला.

“हो हो, लगेच सोडतो.”

वायरलेसवरून उत्तर येईना. अफुआ पोलिसाकडे टक लावून बघत होती. तिने त्याच्याच भाषेत विचारलं, “काका, माझ्या वर्गातल्या सोताचे बाबा आत्ताच सायकलवरून गेले. त्यांना का नाही थांबवलं?”

पोलिसाचे कान लाल झाले. “माझं कामच आहे गं हे,” तो पुटपुटला.

पोचलो तेव्हा शर्यत संपली होती. कोजो मैदानाच्या कडेला उभा राहून दुसऱ्यांच्या मुलांसाठी टाळ्या वाजवत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अफुआ म्हणाली, “बाबा, चालत जाऊ या. चालणाऱ्याला कुणी नाही अडवत.”

कोजोने मला जिन्याखाली कुलूप घातलं. ऋतू बदलला. माझी चाकं बसली, साखळी गंजली. कोळ्याने टोपलीत घर केलं. रोज दोघांची पावलं तेवढी ऐकायची.

परवा दोघं उशिरा परतली. दारातून तोकुदा आजीने विचारलं, “काय रे, आज एवढा वेळ?”

“थांबवलं होतं, आजी.”

“अरे, पण तुम्ही तर चालत होतात!”

“हो ना.”

मग कोजो पंप घेऊन आला, माझ्याजवळ उकिडवा बसला आणि हवा भरू लागला.

“बाबा, पुन्हा सायकल?” अफुआने विचारलं.

“थांबवणारच आहेत गं,” तो दमलेल्या आवाजात म्हणाला, “तर निदान बसून जाऊ.”

अफुआ खुदकन हसली आणि माझ्या खुर्चीवर चढून बसली.