आवडीच्या फोटोला हार

सहदेव म्हातारा टीव्हीवर येणार, ही बातमी उमरठकडच्या त्या वाडीत घरोघर पोचली. पोचवणारा खुद्द सहदेवच होता. त्याची नात श्रुतिका मुंबईला कार्टूनची चित्रं काढते. तिच्या नव्या विनोदी मालिकेतला आजोबा तिने सहदेववरूनच काढलेला.

रविवारी वाडी त्याच्या पडवीत जमली. पडद्यावर आजोबा आला. तेच पसरट कान, कमरेला तीच कोयती. फोनवर असा बोलत होता, जणू समोरच्या डोंगरावरच्या माणसाला हाक मारतोय. माणसं हसून लोळली.

"असा वरडतो मी?" सहदेवने ओरडून विचारलं. मग तर कुणाला आवरेना. सहदेवही खूश.

पुढे तो आजोबा भिंतीवरच्या फोटोपुढे उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "अजून एक भजं खाऊ का गो?" फोटोत सहदेवची बायको आवडी होती, हनुवटीवरच्या गोंदणासकट. आणि फोटोला झेंडूचा घसघशीत हार.

सगळ्यांच्या माना मागे बसलेल्या आवडीकडे वळल्या. शेजारच्या रखमाला तर राहवेना, ती बोललीच, "आवडे, नवऱ्याच्या आधी, अहेव गेलीस की गो! नशीब काढलंस."

"तुला घाई असंल तर तू जा," म्हणत आवडी उठली ती थेट चुलीपाशी.

तीन दिवस ती नवऱ्याशी बोलली नाही. नुसती भाकरी सरकवायची. "मे महिन्यात श्रुतिका आली तर दार नाय उघडायची मी," एवढंच भांड्यांना सांगायची. इथे मात्र सहदेवचा जीव कासावीस झाला. नात वर्षातून आठ दिवस येते, त्या आठ दिवसांवर तर तो बाकीचे महिने काढतो.

त्याने फोन लावला. श्रुतिका रडवेली झाली. "आबा, भिंत मोकळी दिसत होती म्हणून फोटो लावला, वर हार सहजच घातला. आता लोकांना फोटोशी बोलणारा आजोबाच आवडतो. फोटो नाही काढता येणार."

"मग मला टांग भिंतीवर आन् तिला खाली घे!"

"खबरदार!" आतून आवडी कडाडली. "माझं कुंकू पुसताव व्हय?"

"तुला मरायचं नाय, मला मरू देत नायस. करू काय मी?" सहदेव म्हणाला, पण ती बोलली याचंच त्याला बरं वाटलं.

मग त्याच्या ध्यानात आलं. वाडीतली निम्मी माणसं मुंबईला. घरोघर त्यांचे फोटो भिंतीवर आहेत, हार कोण घालतं?

"पोरी, हार तेवढा काढ. म्हातारी सुनेच्या बाळंतपणाला मुंबईला गेलीय म्हण."

पुढच्या काही भागांनंतर फोटोवरचा हार गेला. आवडीने दारातूनच पाहिलं, मग स्वतःच फोन मागून घेतला.

"श्रुतिके, किती दिस ठेवशील मला मुंबईत? भाताच्या लावणीच्या आत घरी आण. चिखलात हा एकटा काय करनार हाय? आन् मे महिन्यात ये तू, मग बघते तुला."